कापायला दिलेले ब्लाऊज

२ डिसेंबर २०२४

चि. सौ. प्रतिभाला,

आशीर्वाद. रागावलेली असलीस तरी घे. आशीर्वाद परत पाठवायची सोय नाही.

फोनवर तू मला बंद करून टाकलंस. मी आपली रोज लावते आणि रोज ती बाई इंग्रजीत काहीतरी बोलते. शेवटी शेजारच्या सीमाला दाखवलं, तर ती म्हणाली, "काकू, तिनी तुम्हना नंबर ब्लॉक करेल शे." ठीक आहे. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही, म्हणून चिठ्ठी लिहायला बसले. शाळेत माझं अक्षर चांगलं होतं. ते इतक्या वर्षांनी कामी येतंय.

भाऊबीजेला बोरदला माहेरी जाते म्हणालीस आणि तिथेच राहिलीस. शहाद्याच्या तुमच्या खोलीला कुलूप लागलं. धर्मेंद्र आता इथे गावात माझ्याजवळ राहतो आणि दुकानाला मोटारसायकलने जाऊन येतो. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणतो, "काही नही माय, तिले मोबाइलना नाद लागना. गोधड्यासना गट काढी बठनी, घरमा ध्यानच नही." एवढ्यावरून बायको माहेरी जाऊन बसते का, असं मी म्हटलं. तो उठून बाहेर गेला. तुम्हा नवराबायकोत मी पडत नाही. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी दर चिठ्ठीत लिहिणार आहे. हेतलला घेऊन घरी ये. शहाद्याला नको वाटत असेल तर इथे माझ्याजवळ ये. नात नसलेलं घर मला खायला उठतं.

आणि हो, तुझा गट मी सोडलेला नाही. नमुना सीमाच्या फोनवर येतो, ती माझ्यासमोर धरते आणि मी कागदावर उतरवून घेते. दर महिन्याला एक चौकोन, बारा महिन्यांनी बारा चौकोन जोडून एक गोधडी, हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसले होते, आठवतं? आपल्याकडे दोन जुनी लुगडी आणि चार मोकळ्या दुपारी मिळाल्या की गोधडी होते. कडेने धावदोरा घालायला लागायचं आणि फिरत फिरत मध्यावर यायचं. माप कसलं नि काय! इंचपट्टी लावून गोधडी शिवणारी तू मी पाहिलेली पहिलीच. पण शहाद्याच्या, तळोद्याच्या, पार सुरतेच्या बायका तू कामाला लावल्यास, हे मला मनातून फार आवडलं होतं. तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

तर या महिन्याचा तुझा नऊ घरांचा नमुना मी शिवला. तुझ्या मापाने चौकोन बारा इंच भरायला हवा, माझा साडेअकरासुद्धा भरेना. कापड आटलं म्हणावं तर आधी धुऊन घेतलं होतं. कुठे चुकलं ते तूच सांग. अक्कलकुव्याच्या चांदनीचा फोटो पाहिला, ती कापडदुकानवाल्यांची सून. तिचा चौकोन मुळात चौकोनीच नाही, एवढंच माझं समाधान.

हेतलचा पापा घे. वाट पाहते.

तुझी आई

⁂

८ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रतिभाला,

आशीर्वाद, मागच्या वेळचे धरून.

चिठ्ठीला उत्तर आलं नाही म्हणून मी तोंड पाडून बसले होते, तेवढ्यात सीमा फोन घेऊन धावत आली. गटात तुझा आवाज. "ज्यांचा चौकोन लहान भरतोय त्यांनी शिवणीत किती कापड जातं ते पाहा. हाताने शिवणाऱ्यांना सवयीने जास्त आत धरायची खोड असते. पाव इंचच धरायचं. आधी पेन्सिलीने रेघ मारून घ्या." आता त्या गटात माझ्याशिवाय हाताने शिवणारी कोण आहे? बाकीच्या साऱ्या मशीनवाल्या. म्हणजे माझी चिठ्ठी पोचली, तू वाचलीस आणि मला उत्तर दिलंस. सगळ्यांच्या आडून दिलंस, पण दिलंस. मी त्या आनंदात सीमालाही चहा पाजला.

तुझा आवाज जरा बसलेला वाटला. थंडी आहे, हळद घालून दूध घे.

या महिन्याचं भिरभिरं मला छळतंय. त्रिकोण कापले, जोडले, पण मध्यावर चार टोकं एकत्र यायची तिथे नेमकी टोकं शिवणीत गिळली जातात. पातं बोथट दिसतं. दोनदा उसवून झालं. वर मध्यावर इतका गठ्ठा होतो की सुई जाता जात नाही, अंगुस्तान घालूनही बोटाला भोक पडलं. यावर काय करायचं ते सांग. नाव न घेता सांगितलंस तरी चालेल.

घरचं म्हणशील तर ठीक. ऊस तुटून गेला. धर्मेंद्र बरा आहे. एखादे वेळी जेवताना भडकतो. परवा ताट भिंतीवर गेलं, पण भाजी खारट झाली होती हेही खरं. त्याच्या बापाचा राग असाच होता, पाचटाला लागलेल्या आगीसारखा, धडाडून पेटायचा आणि विझूनही जायचा. आपण बायकांनी तेवढा वेळ बाजूला व्हायचं असतं. मी तुला शिकवायला नको. पण तो निवळलाय. मला म्हणाला, "आखाजीलगून वाट देखस. तवय तिले बी माहेरना कटाळा उना ऱ्हाई." म्हणजे अक्षय तृतीयेला आखाजीचा झोका माहेरी घे आणि मग ये, असं तोच म्हणतोय. एवढं समजून घेणारा नवरा आहे, तर तूही थोडं घे.

संक्रांतीचा तिळगूळ पोस्टाने पाठवलाय. चुरा झाला तर हेतलला चमच्याने दे.

तुझी आई

⁂

११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रतिभाला,

आशीर्वाद.

माझं भिरभिरं फिरलं! टोकाच्या केसभर बाहेरून शिवण घालायची आणि मागची शिवण इस्त्रीने दोन्हीकडे उलगडून दाबायची, हे तू गटात बोललीस, मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. फोटो सीमाने टाकला. बायकांनी हात जोडून पाठवले. तू काही पाठवलं नाहीस, पण पाहिलास हे सीमाच्या फोनवर कळतं म्हणे.

तुझ्या त्या बोलण्याच्या मध्येच मागून हेतलचा आवाज आला, "मम्मी, आजीनं भिरभिरं व्हयनं का?" आणि तू पटकन बंद केलंस. मी सीमाला तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला लावलं. सीमाला डोळे पुसताना पाहिलं मी, आणि मला काय, मी तर उघडच रडले. तू हेतलला माझं सांगतेस म्हणजे मी तुला अगदीच नकोशी झालेली नाही. मग ये ना गं बाई.

या महिन्याचा नमुना मला सगळ्यांत आवडला. घरातल्या प्रत्येक माणसाच्या वापरलेल्या कपड्याची एक पट्टी, आणि पट्ट्या जोडून चौकोन. तुझ्या सासऱ्यांचा सदरा मी जपून ठेवला होता, त्याचा शेपटाकडचा भाग घेतला. हेतलचा बोरं छापलेला फ्रॉक आहे. माझं लुगडं आहे. धर्मेंद्रचा शर्ट आहे. तुझं मात्र इथे काहीच नव्हतं, म्हणून त्याला म्हटलं, शहाद्याहून तिचं एखादं जुनेर आण. तर त्याने गच्च भरलेली पिशवीच आणून टाकली. "तिना जुना ब्लाऊज शेतस. समदा कापी टाक. ती येई तवय नवा लई दिसू." पाहिलंस? नवे घेऊन देईन म्हणतो. मन आहे पोराला, फक्त बोलून दाखवता येत नाही.

पिशवी अजून उघडली नाही. गव्हाला शेवटचं पाणी चाललंय, त्यातून मोकळी झाले की बसते.

तुझी आई

⁂

२ मार्च २०२५

चि. प्रतिभाला,

आशीर्वाद.

या वेळी शिवणकामाचंच लिहिते.

फेब्रुवारीचा चौकोन अजून झाला नाही. ब्लाऊज पिशवीतून काढले आणि ओट्यावर उन्हात पसरले. जुनं कापड गोधडीत घ्यायचं तर आधी ते उजेडात धरून पाहावं लागतं. कुठे विरलंय, कुठे दम आहे, ते पाहून कात्री लावायची. घामाने काख आधी जाते. कोपराशी, पाठीला कापड पातळ होतं. उलट्या बाजूने पाहिलं की घालणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो तेही थोडंफार कळतं. माझ्या उजव्या काखेत सगळे ब्लाऊज विटलेले असतात, मी त्या हाताने पाणी ओढते म्हणून.

तुझे ब्लाऊज जुने नाहीत. मला आधी तेच नवल वाटलं. जांभळा तर मीच मागच्या आखाजीला घेतलेला. काखा धड आहेत, रंग धड आहे, कापड करकरीत आहे. पण डाव्या खांद्याची शिवण जवळजवळ सगळ्यांची गेलेली आणि परत घातलेली. बाहेरून दिसत नाही. तू त्याच कापडाच्या आत, शिवणीपलीकडे सोडलेल्या मायेतून दोरा उपसून त्या दोऱ्याने रफू केलंस. इतका बारीक टाका त्या गटात दुसऱ्या कोणाचा नाही, तुझा टाका मी ओळखते. काहींवर एकदा, काहींवर त्याच रेघेवर पुन्हा. शिवणीची भोकं गोल नाहीत, लांबट ओढली गेलीत. लग्नातल्या किनखापी ब्लाऊजला तर शिवणीशेजारी कापडालाच आडवी चीर गेलीय. किनखाप असा सहजी फाटत नाही.

मी मनाशी खूप कारणं लावून पाहिली. एस.टी.त गर्दी असते. पण गर्दीत रोज तोच खांदा कसा सापडेल? हेतलला कडेवर घेतलं की ती ब्लाऊज धरून लोंबकळते. पण पोर लोंबकळली की गळा ढिला पडतो, गळे सगळे जागच्या जागी आहेत. शिंप्याने माया कमी सोडली असेल म्हणावं, तर आत बोटभर आहे.

मला एवढंच विचारायचं आहे. चांगल्या कापडाची डाव्या खांद्याची शिवण वारंवार कशाने जाते? तुला माझ्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस. गटात सांग. नमुन्याबरोबर, जसं इतर सांगतेस तसं.

मी सीमाकडे बसून राहीन.

आई

⁂

१९ मार्च २०२५

चि. प्रतिभाला,

तुझं उत्तर मिळालं. होळीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं, पण मला लगेच लिहायला बसता आलं नाही.

तू बोललीस ते मी शब्द न् शब्द लिहून ठेवते, म्हणजे माझ्याकडून उगाच काही मऊ व्हायला नको. "एका ताईंनी शिवणीबद्दल विचारलंय. कापड वापराने जुनं झालं की आधी विरळ होतं. कापड घट्ट आहे, रंग शाबूत आहे आणि शिवणीशीच फाटलंय, तर ते वापराने फाटलेलं नसतं. ते ओढल्याने फाटतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा शिवलं की तिथे टाका धरत नाही, भोकंच मोठी होतात. दर वेळी वाटतं की आता नीट बसलं, पण बसत नाही. असा भाग गोधडीत घेऊ नका. दुरुस्त करत बसू नका."

अगदी शांत बोललीस. सुईत दोरा कसा ओवायचा ते सांगावं तसं. चांदनीने खाली गुलाबाची फुलं पाठवली, "खूप छान टीप, ताई." सीमाने फोन पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघितलंच नाही. मी म्हटलं, पुन्हा लाव. ती म्हणाली, "काकू, नका ऐकू आते." मी पुन्हा ऐकलं.

ब्लाऊज मी कापलेले नाहीत. घडी घालून माझ्या ट्रंकेत तळाला ठेवलेत. त्याने विचारलं, कापले का? मी म्हटलं, कात्रीला धार नाही. लेकाशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असेन.

मला त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं आहे. तू खोटं सांगतेस म्हणून नव्हे. मी त्याला पाजलंय, न्हाऊ घातलंय, त्याचे हात माझ्या हातात एवढेएवढे होते. ते हात आणि ती शिवण मला एका ठिकाणी आणता येत नाहीत. मी विचारीन, समजावीन. कदाचित तो ऐकेल. तोवर यायची घाई करू नकोस. याच्यापुढचं लिहायला हात चालत नाही.

मार्चचा नमुना उतरवून घेतलाय. अजून शिवायला घेतला नाही.

आई

⁂

२६ एप्रिल २०२५

व्याही रूपचंदभाऊंना नमस्कार.
चि. प्रतिभाला आशीर्वाद.

भाऊ, तुमचं नाव आधी घातलं कारण पाकीट तुम्हीच उघडणार. पोस्टाने न टाकता सीमाच्या हाती पाठवतेय. तिला बजावलंय, चहा देवोत, बस म्हणोत, जेवायला वाढोत, काहीही करोत, पत्र सगळ्यांसमोर पूर्ण वाचून झाल्याशिवाय उठायचं नाही. तशी ती चिवट आहे.

एप्रिलची एक तारीख गेली आणि नमुना आला नाही. गटात बायका विचारत राहिल्या, ताई, बऱ्या आहात ना? प्रतिभाचं उत्तर नाही. सीमाने फोन लावला तर बंद. मला रात्रंदिवस तोच घोर. मग तुमचा फोन आला, भाऊ. तुम्ही किती खुशीत होतात! "जसोदाबाई, तुम्हनी चिठ्ठी उनी का मी चहाना टाइमले समदासले वाची दखाडस. घरमा समदासना डोयामा पानी येस. अशी सासू कोनले मियस? पोरले मी सांगं, आते हट्ट सोड. तो मोबाइल बी मी लई ठेवा. आखाजी व्हयनी का धर्मेंद्रभाऊ गाडी लई येवाव शेतस, तिले पोहचाडी देतस." मग हसून म्हणालात की शेवटच्या दोन चिठ्ठ्या नुसत्या शिवणटिपणाच्या होत्या, त्या वाचल्या नाहीत, बायकांचं बायकांना दिलं.

प्रतिभाला मी माझ्याकडे ओढत होते आणि दोरीचं दुसरं टोक तुमच्या हाती आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी तुम्हाला तिथल्या तिथे म्हटलं, भाऊ, पाठवू नका. तुम्ही म्हणालात, "आते ऐनटाइमले तुम्हीच असं बोलतस? लोके काय म्हनतीन?" मी सांगायला लागले आणि तुम्ही फोन ठेवलात. पुन्हा लावला तो उचलला नाहीत.

मी स्वतः यायला हवं होतं, खरं आहे. पण मी आले की तुमच्या घरी पुरणाचं व्हायचं, बायका माझी ओटी भरायच्या, आणि व्याह्यांसमोर डोक्यावरचा पदर सावरत मी हो हो म्हणून परत यायची. आजवर तुमच्यासमोर मी मान वर करून बोललेली नाही आणि या वयात एका दिवसात ते जमायचं नाही. कागदाला पदर नसतो. म्हणून कागद पाठवला.

तर भाऊ, माझी चिठ्ठी तुम्ही मोठ्याने वाचता. ही पण मोठ्यानेच वाचा. आतापर्यंत वाचत आला असाल तर इथे थांबू नका, आणि घसा साफ करून पुढची ओळ मनातल्या मनात वाचू नका. सीमा ऐकतेय.

माझा मुलगा धर्मेंद्र तुमच्या मुलीला मारतो.

डावा दंड धरून ओढतो, म्हणून डाव्या खांद्याच्या शिवणी जातात. ती फाटलेलं शिवत होती, म्हणून आपल्याला दिसत नव्हतं. दिवाळीला तुमच्या दारात आली तेव्हा तिने सांगितलं नाही असं म्हणाल. तिने तिच्या आईला सांगितलं असेल, आणि आईने काय सांगायचं ते मला माहीत आहे, कारण जानेवारीत मीही तेच लिहून पाठवलं होतं. तेवढा वेळ बाजूला व्हायचं असतं, म्हणून. ते पत्र तुम्ही चहाबरोबर वाचून दाखवलंत आणि तिने बसून ऐकलं असेल. त्याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

मला कशावरून कळलं तेही ऐका. मी त्याला विचारलं. रामनवमी झाल्यावर, दुपारी, तो जेवून बसला होता तेव्हा. ब्लाऊज ट्रंकेतून काढून त्याच्यासमोर ठेवले आणि खांद्यांवर बोट ठेवून म्हटलं, हे काय आहे? आधी हसला. मग म्हणाला, "ती तुले फोनवर भरवस का?" मी म्हटलं, तिने मला काही सांगितलं नाही, कापडाने सांगितलं. तेव्हा त्याने ब्लाऊज खेचले. मी सोडले नाहीत. तो ओरडला, "तू मन्ही माय शे का तिनी?" आणि माझा दंड धरून मला चुलीकडे ओढलं. मी धान्याच्या कोठीवर आदळले. उठून बघते तर माझ्या चोळीचा खांदा फाटलेला. डावाच. तो माणूस उजव्या हाताचा आहे ना, समोरच्याचा डावा दंडच हाती लागतो.

मारलं नाही, नुसतं ओढलं, असं मी सीमाला सांगितलं. माझ्या तोंडून निघून गेलं आणि मग माझं मलाच ऐकू आलं. प्रतिभाही असंच म्हणत असेल शेजारणींना. मला ओढलं. माझ्या मुलाने मला ओढलं आणि मी पडले. डॉक्टरांनी उजवा हात गळ्यात बांधून दिला होता, आता सोडलाय, म्हणून हे पत्र इतक्या उशिरा. आखाजी चार दिवसांवर आली, मला आधीच लिहायला हवं होतं.

भाऊ, गाडी येईल. तो दाढी करून, हेतलला खाऊ घेऊन, नवी साडी घेऊन येईल. चांगलं बोलेल. त्याला फार चांगलं बोलता येतं आणि बोलताना ते त्याला खरंच वाटतं. मुलगी पाठवू नका. समाजाची चार माणसं बसवायची म्हणालात तर बसवा, मला बोलवा. मी पदर घेऊन येईन पण जे इथे लिहिलंय ते सगळं बोलेन. आणि तिचा फोन तिला परत द्या. ती कोणाशी गुलूगुलू बोलत नव्हती. बायकांना चौकोन शिवायला शिकवत होती.

आता प्रतिभा, तुला.

धर्मेंद्र अजून माझ्याच घरात आहे. मी त्याला जेवायला वाढते. तू हे वाचून काय म्हणशील मला ठाऊक नाही, पण लपवून ठेवणार नाही. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की मी अजूनही भाकरी थापायला घेते, आणि भाकरी थापता थापता कान त्याच्या पावलांकडे असतात. हे मला आताशा कळायला लागलं की तू शहाद्याच्या खोलीत कशी स्वयंपाक करत असशील. परवा तो माझ्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "माय, तिले लई ये. मी बदली जासू." मी त्याच्या केसांतून हात फिरवला. माझ्या हाताने मला न विचारता फिरवला.

म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते, माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर. घरी ये, असं मी तुला दर चिठ्ठीत लिहिलं. आता सांगते, येऊ नकोस. या आखाजीला येऊ नकोस आणि पुढच्याही. आणि मी आई आहे त्याची. उद्या त्याच्या रडण्याने माझा जीव कळवळेल. एखाद्या दिवशी त्या गाडीतून मीसुद्धा उतरेन, तुझ्या दारात उभी राहीन, हेतलला पोटाशी धरेन आणि तुला हात जोडून म्हणेन, चल गं, तो सुधारलाय.

त्या दिवशी माझं ऐकू नकोस. मला बसव, पाणी दे, आणि हे पत्र माझ्यासमोर मोठ्याने वाच.

जसोदा